मांडववापसीच्या रोट्या

लहानूजी नारळ घेऊन आला तेव्हा मी परातीत कणीक आपटत होते. डोकं वर केलं नाही. चपला तेवढ्या दिसल्या. कोऱ्या, करकर वाजणाऱ्या. त्याच्या घरात लगन आहे हे मला चपलांवरूनच समजलं.

"राम राम, कौतिकाबाई."

"बोला."

"आमच्या मोरेश्वरचं जमलं. उमरेडची पोरगी हाय. गुरवारी लगन, शुक्रवारी दुपारी मांडववापसीचं मटण. चारशे पान होईन. तुमच्या अकराही जणी पाहिजेत."

असं म्हणून त्यानं नारळ माझ्या चुलीसमोर ठेवला. ओळीतल्या बाकीच्या दहा जणींचे हात थांबले. एरवी पोलीस आला तरी या बायांचे हात थांबत नसत.

थांबायला कारण होतं. दहा महिन्यांआधी याच मोरेश्वरसाठी माझ्या वेणूला पाहून गेले होते. हा लहानूजी, त्याची बायको मनोरमाबाई आणि एक बहिरी आत्या. पोहे झाले, चहा झाला. मनोरमाबाईनं वेणूला आपल्या बाजूला बसवून घेतलं, तिच्या हातावरचे पोळल्याचे डाग पाहिले, म्हणाली, "कामाची पोरगी दिसते." जाताना उंबरठ्यावर थांबून म्हणाली, "आमाले घरच्यावाणीच वाटलं." पंधरा दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. सोळाव्या दिवशी मध्यस्थ आला आणि म्हणाला, पत्रिका जमत नाही.

पत्रिका! आमच्या वेणूची पत्रिका कोणी काढलीच नव्हती.

नकार देणारे कारण सांगत नाहीत. ते आपलं आपण शोधायचं असतं. मला लांब जावं लागलं नाही. त्यांचं सावजी भोजनालय, डोक्यावर छत, बसायला बाकं. आणि मी रस्त्यावर, शाळेच्या भिंतीला पाठ लावून रोट्या टाकणारी. आणखी काय कारण पाहिजे?

त्याच रागात मी वेणूला वर्ध्याला नर्सिंगला घातली. म्हटलं, जा, शीक, पांढरे कपडे घालून या लोकांच्या नाकावर टिच्चून ये. पोरगी एक शब्द बोलली नाही, ट्रंक भरून गेली. पण माझा राग वर्ध्याला गेला नाही. तो माझ्याजवळच राहिला, रोज माझ्यासोबत चुलीपुढं बसायचा.

आता आमच्या ओळीचं सांगितलं पाहिजे, कारण ती ओळ आता नाही. तिथं मोबाइलची दुकानं झाली. तेव्हा चार वाजले की अकरा चुली पेटायच्या आणि अकरा मटके त्यांवर उपडे चढायचे. लंबी रोटी तव्यावर होत नाही, तिला उपडा मटकाच लागतो. कणीक पातळ भिजवायची, मीठ-पाण्याचा हात देत देत आपटायची. इतकी, की ती मागावरच्या सुतासारखी लांबली पाहिजे पण तुटली नाही पाहिजे. मग गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि एका झोक्यात मटक्यावर फेकायचा. धोतरासारखी रोटी पडते. रुमालासारखी घडी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

आमची माणसं कोष्टी. माग बंद पडले तेव्हा माणसं बसली आणि बाया उठल्या. ओळ अशी झाली.

संध्याकाळी त्या चौकात काय नसायचं! कोपऱ्यावर सांबारवडीची कढई, सांबार म्हणजे कोथिंबीर. समोर तर्री-पोहेवाला, त्याच्या तर्रीचा लाल डाग धुतल्यावरही जात नव्हता. वडाभातवाली अनुसया, तिच्याकडं भातावर गरम फोडणीचं तेल ओतलं की रस्त्यापलीकडचा माणूस मान वळवायचा. आणि चौकाच्या पल्याड, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली, लहानूजीचं भोजनालय. लोक त्याला 'खालचं सावजी' म्हणायचे. तिथला काळा रस्सा पितळी डब्यात घ्यायचा आणि वर येऊन आमच्या ओळीतून रोट्या न्यायच्या, ही त्या भागाची रीत होती. म्हणजे अर्धं जेवण त्यांचं, अर्धं आमचं. सोयरीक झाली असती तर आख्खं झालं असतं. मी असं चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं. तीच माझी चूक. बोललेलं मोडलं की जास्त लागतं.

ओळीचे कायदे माझे होते. दुसरीचं गिऱ्हाईक हाक मारून बोलवायचं नाही. दुसरीच्या मटक्याला हात लावायचा नाही. आणि ओळीतली बाई मेली, तर तिसऱ्या दिवशी तिचा मटका तिच्या चुलीवर सुलटा ठेवायचा, त्यात पाणी भरायचं, सगळ्यांनी हात जोडायचे आणि मग ती जागा दुसरीला द्यायची. जिवंत बाईचा मटका चुलीवर सुलटा कधी होत नाही.

तर लहानूजी उभा होता आणि नारळ चुलीपुढं होता. नारळ उचलला म्हणजे सांगणं घेतलं.

मी उचलला.

"येतो, लहानूजी. अकराही जणी येतो."

त्याचा चेहराच उजळला. बिचाऱ्याला वाटलं, मी विसरले. तो गेला, आणि माझ्या डाव्या हाताला बसणारी पंचफुला हळूच म्हणाली, "कौतिका, परत कर तो नारळ. आपण तिथं नको जाऊ वं."

पंचफुला चौदा वर्षं माझ्या बाजूला बसत होती. बारीक, काळीसावळी. लग्नाच्या सहाव्या वर्षी नवरा गेला, लेकरू नाही. माझं तोंड चालायचं, तिचे हात. माझी वेणू शाळेतून आली की माझ्याकडं न येता आधी तिच्याकडं जायची, तिच्या ताटलीत खायची. मी म्हणायची, "घे, पोटाले मी आणली, मांडीले तुले देली."

"काहून नाही जायचं?" मी म्हटलं. "तुया बापाचं काय जाते?"

पलीकडून गिरजा ओरडली, "अवं पण तू त्याइले पोटभर जेवू घालशीन? तू?"

"ऐका," मी म्हटलं. "पंगत बसू द्या. द्रोणात रस्सा पडू द्या. रोटी एकही वाढू द्यायची नाही. मग मी उठीन. मी उठली की अकराही जणींनी उठायचं. चारशे लोक नुसता रस्सा पितीन अन् जिभा बाहेर काढून घरी जातीन."

बाया इतक्या हसल्या की तर्री-पोहेवाला पाहायला आला. सावजीचा रस्सा नुसता पिणं म्हणजे काय हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

पंचफुला हसली नाही. म्हणाली, "अन् ते नवी पोरगी? सारं तिच्या पायगुनावर जाईन."

"माया पोरीचं कोणी पाह्यलं होतं?"

"ते उमरेडची पोरगी तुले काय नडली?"

"मोठी आली दुसऱ्याच्या पोरीच्या कळवळ्याची! ओळीत बसायचं असंल तर येशीन शुक्रवारी. नाही तर तुयी चूल तू पाह्य."

तिनं कणकेत हात घातला. मला वाटलं, भित्री आहे.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही मांडवात पोचलो. भोजनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत मांडव होता. मागच्या भिंतीला धरून आम्ही अकरा चुली मांडल्या, मटके चढवले. मोठाल्या गंजांत मटण शिजत होतं. खसखस, खोबरं, दगडफूल भाजून वाटलेला तो काळा मसाला, वर बोटभर तेलाचा तवंग. वास असा की उपासाचा माणूस पाटावर येऊन बसावा. मी त्या वासाकडं पाठ करून बसले.

नवी नवरी खुर्चीवर बसली होती, हातभर हिरवा चुडा, खाली मान. मोरेश्वर पाहुण्यांना पान-सुपारी देत फिरत होता. माझ्यासमोर आला आणि वळून दुसरीकडं गेला. मनोरमाबाई नवा शालू सावरत दहा वेळा आमच्याकडं येऊन गेली. "बाई, लाकडं पुरतीन ना? बाई, चहा घेतला का?" मी दर वेळी गोड बोलले. माझ्या गोड बोलण्याची ओळीत सगळ्यांना भीती वाटायची.

बारा वाजता पहिली पंगत बसली. दीडशे माणूस. पत्रावळी पडल्या, मीठ पडलं, कांदा-लिंबू पडलं. द्रोणांत रस्सा पडला. लोक बोटं चाटून पाहायला लागले. माझ्या पाठीमागं पाच टोपल्या रोट्यांनी भरलेल्या होत्या, वर ओलं फडकं. वाढपी टोपलीला हात लावायला आला.

"हात काढ," मी म्हटलं. आणि उठून उभी राहिले. पदराला हात पुसले.

एकेक करून ओळ उठली. गिरजा उठली, अनुसयेची सून उठली, सगळ्या उठल्या. पंचफुला तेवढी बसून होती, फुंकणीनं चूल फुंकत.

मनोरमाबाई धावत आली. "काय झालं बाई? कणीक कमी पडली का?"

"कणीक बक्कळ आहे," मी म्हटलं. "आमची पत्रिका जमत नाही."

तिला समजायला क्षणभर लागला. मग तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं. पंगतीतून कोणीतरी हाक मारली, "अहो रोटी येऊ द्या!" दुसरा म्हणाला, "वाटी-वाटीनं पाजता का आता?" हसू झालं. मला ते हसू गुळासारखं लागलं. दहा महिने मी याच हसण्याची वाट पाहिली होती.

मनोरमाबाईनं माझं कोपर धरलं आणि पाण्याच्या ड्रमामागं नेलं.

"तुमाले वाटलं, रस्त्यावर बसता म्हणून नाही म्हटलं?"

"मग काय हत्तीवर बसते म्हणून?"

"कौतिकाबाई, माझी माय इतवारीत हातगाडीवर चना-पोहे विकत होती. सातव्या वर्षापासून मी कांदा कापला. मी रस्त्यावरच्या बाईले नाव ठेवीन का?"

 हे मला माहीत नव्हतं.

"मग काहून नाही म्हटलं?"

"जाऊ द्या आता. पाव्हणे बसले आहेत, हात जोडते तुमाले."

"बोला. नाही तर या अकरा चुलींवर मी आत्ता पाणी ओतते."

तिनं माझ्या खांद्यावरून भिंतीकडं पाहिलं. "ते खाली बसली आहे ना, ते येऊन सांगून गेली. म्हणे, पोरगी सोन्यावाणी आहे, तिच्यात काही खोट नाही. पण माय पाहून घ्या. आज पोरगी देईन, उद्या आपला मटका घेऊन येईन, परवा गल्ल्यावर बसन. तिच्या तोंडापुढं तुमचा नवरा टिकाचा नाही, तुमी टिकाच्या नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी भेली बाई. सासूनं वीस वर्षं मले या घरात बोलू नाही देलं. ते गेली, आता कुठं माझा आवाज निघून राह्यला. म्हटलं, विहीण नको बसवू डोक्यावर."

ड्रमाच्या नळातून पाणी टपटप पडत होतं. मी तो घट्ट बंद केला. पंगतीत अजून लोक लिंबूच चोखत होते.

मी परत आले. वाढप्याला म्हटलं, "ने टोपल्या. वाढ भरपूर."

बायांकडं पाहून म्हटलं, "बसा. कामाला लागा."

त्या गोंधळल्या, पण बसल्या. टोपल्या गेल्या. पंगत जेवायला लागली. मी पंचफुलासमोर जाऊन उभी राहिले.

"तू गेली होती यांच्या घरी?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. "गेली होती."

"माझ्याबद्दल बोलली?"

"बोलली."

"काय बोलली ते खरं का खोटं, ते नाही विचारत मी. बोलली की नाही?"

"बोलली म्हटलं ना वं."

"काहून?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा वर्षांत तिचं तोंड असं उघडून मिटलेलं मी पाहिलं नव्हतं. एकतर ती बोलायची किंवा नाही बोलायची.

"काहून, पंचफुला? माया पोरीचं चांगलं झालेलं तुया डोळ्यात खुपलं? तुले नाही झालं लेकरू म्हणून?"

हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. पहिली पंगत ऐकत होती, नवरी ऐकत होती, मोरेश्वर ऐकत होता. पंचफुलानं खाली ठेवलेली फुंकणी सरळ केली.

मी दोन फडकी हाताला गुंडाळली, तिचा मटका धरला आणि तिच्या चुलीवर सुलटा केला. गिरजा म्हणाली, "अवं माय!" मी बाजूची बादली उचलली आणि पाणी मटक्यात ओतलं. तापलेला मटका. तो एकदम तडकला, आवाज झाला, सगळं पाणी चुलीत. वाफ, राख, धूर. पंचफुलाच्या तोंडावर काळे शिंतोडे उडाले.

धूर विरला तेव्हा ती तशीच बसलेली होती. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "दुसरी पंगत बसंन आता. दहा जणींनी चारशे पान उरकाचं आहे. हात चालव."

ती उठली. मागं भिंत होती, म्हणून तिला पुढून, जेवणाऱ्यांच्या दोन रांगांमधून जावं लागलं. कोणी तिच्याकडं पाहिलं नाही. ओळीतल्या दहाही जणी खाली मान घालून रोट्या टाकत होत्या. त्या दिवशीसारख्या रोट्या मी कधी टाकल्या नाहीत. एकही फाटली नाही. लोक उठताना म्हणाले, काय हात आहे बाईचा!

मनोरमाबाईनं जाताना मला साडी दिली. मी घेतली.

ओळीत पंचफुलाची जागा दुसऱ्या आठवड्यात एका तरण्या सुनेला दिली. पंचफुलाशी कोणी बोललं नाही, बाजारात कोणी तिच्याकडं पाहिलं नाही. पाण्याच्या नळावर ती आली की बाया भांडी उचलायच्या. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगावं लागत नसे. महिन्याभरानं ती भावाकडं कामठीला गेली असं ऐकलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दिवाळीला, लगनाला, नातीच्या जन्मालाही मला तेवढं बरं वाटलं नाही. आणि ही गोष्ट मी पुढं नऊ वर्षं सांगितली. प्रत्येक मांडवात सांगितली. मटका तडकल्याचा आवाज मी तोंडानं काढून दाखवायची, बाया टाळ्या द्यायच्या.

वेणूच्या पोरीच्या बारशाला वर्ध्याला गेले होते, तिथंही सांगितली. वेणू आता मोठी नर्स, तिचा नवरा शाळेत मास्तर. विहीण होती, शेजारच्या बाया होत्या. मी मटका उचलण्यापर्यंत आले होते, तर वेणू म्हणाली, "पुरे कर, माय."

"अवं, ऐकू दे त्याइले."

"पुरे कर म्हटलं ना!" आणि पोरगी विहिणीच्या मांडीवर देऊन ती आत गेली. मी मागं गेले. स्वयंपाकघरात ती ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती.

"पंचफुला मावशीले मीच पाठवलं होतं," ती म्हणाली.

"कुठं?"

"मनोरमाबाईकडं. मीच म्हटलं, काहीबी सांग, पण हे मोड. मले नव्हतं जायचं त्या तीन पायऱ्या उतरून. जन्मभर खोबरं भाजत बसायचं नव्हतं. मले नर्सिंगले जायचं होतं."

"मले सांगायचं होतं."

"तुले सांगून कोणी काही केलं का आजवर?"

गॅसवर दूध होतं. तिनं ते उतरवलं.

"मी मावशीले म्हटलं, माझ्यात खोट आहे म्हणून सांग. फिट येते म्हण. ते म्हणाली, पोरीच्या नावावर डाग पडला तर निघत नाही. म्हणाली, तुया मायच्या नावावर घालते. तिले काही होत नाही, तिची कातडी जाड आहे."

मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले.

"मटका फोडला तेव्हा तू कुठं होती? तोंड नव्हतं तुले?"

"तू पत्रात लिहून घेतलं होतं गिरजामावशीच्या पोराकडून. मी वाचलं. आठ दिवस जेवली नाही. पण पहिलं वर्ष होतं, माय. सांगितलं असतं तर तू दुसऱ्या गाडीनं येऊन मले नेलं असतं, चुलीपुढं बसवलं असतं. मावशीनं निरोप पाठवला होता, तू काही बोलू नको, शीक." ती थांबली. मग म्हणाली, "अन् मावशी खोटं काय बोलली होती वं? त्या पंधरा दिवसांत तू नवा मटका आणला होता. मागच्या खोलीत, पोत्याखाली. मी पाह्यला होता."

आणला होता. कुंभाराकडून निवडून, वाजवून आणला होता. खालच्या सावजीच्या मोरीच्या बाजूला, खिडकीखाली, जागा कोणती घ्यायची हेही ठरवलं होतं. तिथं पाऊस लागला नसता. गल्ला तिथून चार पावलांवर.

बाहेर बाया पाळणा म्हणायला लागल्या. मी स्टुलावरून उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मी नागपूरला उतरले आणि घरी न जाता कामठीची बस धरली. बसमध्ये एक वाक्य जुळवलं. फार नव्हतं, चार शब्दांचं. मी आयुष्यात ते कोणाला म्हटलेलं नव्हतं, म्हणून तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले.

कामठीच्या बाजारात शोधावं लागलं नाही. मिरचीवाल्याला विचारलं, लंबी रोटीवाली? त्यानं हनुवटीनं दाखवलं. एकटीच चूल होती, पण पुढं वीसेक माणसांची रांग. केस पांढरे झाले होते. हात तेच होते.

मला पुढं घुसता आलं असतं. मी कधी रांगेत उभी राहिलेली बाई नाही. त्या दिवशी राहिले. एकेक माणूस सरकला आणि मी तिच्यासमोर आले. तिनं वर पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. कणकेचा गोळा तोडला.

"कितीक देऊ, बाई?"

चौदा वर्षं ती मला 'कौतिका' म्हणायची. 'वं' म्हणायची.

"एक," मी म्हटलं.

"घरी न्याची का इथंच खाता?"

"इथं."

तिनं रोटी टाकली, उलथली, घडी करून कागदावर माझ्या हातात दिली. मी तुकडा तोडला. मागं माणसं होती, पुढं ती होती. ते चार शब्द मी जिभेवर आणले. आणि माझ्या जिभेनं, जी आयुष्यभर माझ्याशिवाय कोणाचंच ऐकत नव्हती आणि त्या दिवशी माझंही ऐकेना, म्हटलं, "कड कच्ची राह्यली."

कड कच्ची नव्हती. तसली रोटी मी जन्मात खाल्ली नव्हती, आणि मी स्वतःच्या हातच्या खाल्ल्या आहेत.

पंचफुलानं माझ्या हातातून कागद काढून घेतला, रोटी बाजूला ठेवली. "दुसरी देते, बाई." गोळा घेतला, झेलला, या हातावरून त्या हातावर. रोटी कोपराच्या पार गेली, दंडाकडं सरकली. मटक्यावर फेकायला हात मागं नेला आणि तिथंच थांबवला.

"अजून काही चुकलं असंल तर सांगून टाका, बाई," ती म्हणाली. "एवढ्या दुरून आल्या."

रांग थांबली. लंबी रोटीचं पीठ हातावर थांबत नाही. ते तिच्या दंडावरून खाली ओघळायला लागलं, लांबत लांबत, पातळ होत होत, त्याच्याआडून तिची चूल दिसायला लागली. ती माझ्याकडं पाहत होती. तोडायचं की टाकायचं, दोन्ही माझ्या हातात दिलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "बाकी ठीक आहे."

तिचा हात फिरला. रोटी मटक्यावर पडली, अख्खी, कुठं फाटली नाही. तिनं ती भाजली, घडी केली, माझ्या हातात ठेवली आणि माझ्यामागच्या माणसाकडं मान वळवली.

"बोला दादा, तुमाले कितीक?"